मिठाईच्या कपाटातला मुकादम

आरामशीनवर दोन गोष्टी आपोआप साठत जातात. भुसा आणि किस्से. भुसा निदान कोंबड्या पाळणारे पोत्यात भरून न्यायचे. किस्से न्यायला कुणी येत नव्हतं, ते माझ्याकडेच पडून राहिले. मशीन बंद होऊन आता काही वर्षं झाली. तरी चहाच्या टपरीवर जुनं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "बालाजी, तुमच्या त्या मुकादमाचं काय झालं?" मग एकेक निघत जातं आणि चहा गार होतो.

सेनगावला युनूसभाईंची लाकडं चिरायची आरामशीन होती. तिला लागून माझं पत्र्याचं शेड. मी सुतार. ते चिरायचे, मी जोडायचो. मशीनवर शेषराव मिस्त्री. तीस-बत्तीस वर्षं करवतीच्या पट्ट्यासमोर उभं राहून त्यांचे कान गेलेले. त्यामुळे ते एक तर बोलायचेच नाहीत, नाहीतर ओरडून बोलायचे. आणि लाकूड आणणारे रामसिंगभाऊ, साखऱ्याकडच्या तांड्यावरचे. शेतातली उभी झाडं विकत घ्यायची, तोडायची आणि ट्रॅक्टरवर टाकून आणायची, हा त्यांचा धंदा. आम्ही असे चौघं.

पाचवा मुकादम. मुकादम म्हणजे झाडावर राहणारा कोळी. शहरातले लोक टॅरंटुला म्हणतात तो. पाय पसरले तर माझ्या पंजाएवढा भरायचा.

युनूसभाईंनी मशीन बंद करायचं ठरवलं तेव्हा मोटार कुणाला, पट्टे कुणाला, पत्रे कुणाला हे सगळं एका दुपारी ठरलं. मुकादमाचं काय करायचं, हे मात्र दोन महिने ठरेना. त्या दोन महिन्यांत शेषराव मिस्त्रींना धड घास गेला नाही. पण ते शेवटी. आधी तो आला कसा, ते ऐका.

*

चिंचेचं खोड होतं. रामसिंगभाऊंनी साखऱ्याकडून आणलेलं, बुडाशी पोकळ. पट्टा निम्म्यापर्यंत गेला आणि मिस्त्रींनी मशीन बंद केली.

असं कधी व्हायचं नाही. मिस्त्री लाकूड अर्ध्यात सोडत नसत. त्यांना मुलगा झाल्याचा निरोप आला होता, तेव्हासुद्धा त्यांनी चालू फळी पूर्ण काढली, अंगावरचा भुसा झटकला आणि मग विचारलं, "काय झालं?" त्यामुळे पट्टा मध्येच थांबला म्हटल्यावर आम्ही सगळे पळत सुटलो. युनूसभाईंनी आधी मिस्त्रींचे दोन्ही हात धरून बोटं मोजली. दहा भरली.

"फिर काहून बंद केली, मिस्त्री?"

मिस्त्रींनी पोकळीकडे बोट केलं. आत केसाळ पाय दिसत होते, राखाडी, त्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा.

"घरमालक आत हाय," मिस्त्री ओरडले. "असं कसं चिरू?"

रामसिंगभाऊ सापाला शेपटीला धरून बाजूला करणारा माणूस. ते कुठे दिसेनात म्हणून मागे पाहिलं, तर ट्रॅक्टरच्या सीटवर उभे.

"तिथून काहून बघून राहिले?" मी विचारलं.

"मला इथून बराबर दिसतं," ते म्हणाले. पुढची सगळी वर्षं ते मुकादमाकडे तिथूनच बघत आले.

*

पोकळ भाग तेवढा हातकरवतीनं वेगळा काढला. तीन फुटांचा ओंडका, आत कोळी. आता ठेवायचा कुठं?

माझ्याकडे एका मिठाईवाल्याचं काचेचं कपाट दुरुस्तीला येऊन पडलं होतं. दुकान बंद झालं, माणूस गाव सोडून गेला, कपाट राहिलं. त्यात ओंडका उभा केला. काचेवर लाल अक्षरांत 'शुद्ध तुपातील' एवढंच शिल्लक होतं, पुढची 'मिठाई' खरवडून गेली होती. पुसू पुसू म्हणता ते राहिलंच.

दिवसभर तो पोकळीच्या तोंडाशी बसून आमच्याकडे बघायचा. सगळ्यांचं काम बघायचं आणि स्वतः काडी हलवायची नाही, म्हणून त्याचं नाव मुकादम पडलं. कपाटाची काच कधी पूर्ण बंद व्हायची नाही, चार बोटं फट राहायची. मी दुरुस्त करायला घेतलं तर मिस्त्री म्हणाले, "राहू दे. कैदी थोडाच हाय." दिवेलागणीला तो फटीतून बाहेर यायचा, आढ्यावर फिरायचा आणि सकाळी पुन्हा आपल्या ओंडक्यात. चावला तर दोन-चार दिवस अंग पिळवटून काढतो, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. तोवर सवय झाली होती.

एकदा संध्याकाळी एक पाहुणे बैलगाडीचं जू घ्यायला आले. त्यांची नजर काचेवरच्या अक्षरांवर गेली.

"पेढे कसे किलो?"

युनूसभाईंनी मान वर न करता सांगितलं, "किलोवर न्हाई. एकच नग हाय."

पाहुणे वाकले. नंतर त्यांच्या चपला तेवढ्या तिथं होत्या. दुसऱ्या दिवशी ते आले, रस्त्याच्या पलीकडे थांबले आणि म्हणाले, "तिथूनच फेका."

*

मिस्त्री माळकरी. अंडंसुद्धा शिवत नसत. आणि मुकादमाला लागायची झुरळं, रातकिडे, तेही जिवंत. सकाळी आल्याआल्या मिस्त्री सालीच्या ढिगाऱ्यात हात घालून किडे गोळा करायचे.

"मिस्त्री, तुमी माळकरी. हे पाप न्हाई का?" रामसिंगभाऊ लांबूनच विचारायचे.

"खातो तो. मी नुसता वाढपी हाय."

एकादशीला मात्र वाढप बंद. त्या दिवशी मुकादमालाही उपास. त्याला त्याचं काही वाटत नसे, पण मिस्त्रींना समाधान वाटे.

मग एका रमजानला मुकादमानं पहिल्या रोज्यापासून खाणं सोडलं. किडा समोर फिरला तरी बघायचा नाही. युनूसभाईंची छाती दोन बोटं फुगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हमारा मुकादम रोजे रख रहा." मिस्त्रींना हे सहन होईना. "उपासाची सवय मी लावली त्याला. एकादशीची." महिनाभर दोघांची जुंपलेली. मी चिरायला टाकलेली लाकडं तशीच पडून.

ईद झाली. युनूसभाईंनी आमच्यासाठी शीरखुर्म्याचा डबा आणला आणि मुकादमासाठी स्वतःच्या हातानं एक गलेलठ्ठ रातकिडा काचेत सोडला. "ले बाबा. आता सोड."

त्यानं तोंड लावलं नाही. पुढं आठ दिवस नाही. दोघांचेही चेहरे उतरले. मग रामसिंगभाऊंनी निवाडा दिला, "तुमचं दोघाचं भांडण मिटस्तोवर जेवायचं न्हाई म्हणून बसलाय तो."

*

नवव्या दिवशी सकाळी मुकादम कपाटाच्या तळाला उताणा पडलेला दिसला. पाय आत मुडपलेले.

मिस्त्रींनी मशीन सुरू केली नाही. एका खोडावर बसून राहिले. युनूसभाई त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तुमच्याच एकादशीचा होता, मिस्त्री. मी उगी बोललो." मिस्त्रींनी मान हलवली, "न्हाई, रोजेच होते." महिनाभर भांडलेली ही माणसं आता एकमेकांना जिंकून देत होती.

माती द्यायची ठरली. शेडमागं लिंबाखाली युनूसभाईंनी खड्डा खणला आणि ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. मिस्त्रींनी तुळशीचं पान ठेवलं. रामसिंगभाऊंनी नारळ आणला. मुकादमाला हात लावायची वेळही त्यांच्यावरच आली, कारण मिस्त्री कपाटाकडे बघायलाही तयार नव्हते. भाऊंनी डोळे मिटून त्याला पुठ्ठ्यावर उचललं. त्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकांना युनूसभाईंनी सांगून टाकलं, "घरात गमी झालीय. उद्या या."

दिवे लागले तसे मिस्त्री कपाट पुसायला गेले आणि ओरडले. ते नेहमीच ओरडत, पण हे वेगळं होतं. पोकळीच्या तोंडाशी मुकादम बसलेला. उजळ, झळाळता, नवा शर्ट घातल्यासारखा.

युनूसभाई गुपचूप मागं जाऊन कबर बघून आले. माती जशीच्या तशी होती. शेवटी रामसिंगभाऊ म्हणाले, "तरीच म्हणलं, मयत इतकी हलकी कशी."

*

युनूसभाईंची मुलगी शबाना तेव्हा हिंगोलीला कॉलेजात होती, प्राणिशास्त्र घेऊन. रविवारी ती आली. आमची सगळी हकीकत ऐकून तिनं दुपट्टा तोंडाशी धरला आणि पहिलं काम काय केलं, तर आम्हाला कबर उकरायला लावली. आतलं काढून पाण्यात भिजवलं, पसरलं आणि भिंगातून बघत बसली. आम्ही चौघं निकाल ऐकायला उभे.

"मिस्त्रीचाचा, मेलं कुणीच नाही. ही कात आहे, सापाची असते तशी. कात टाकायच्या आधी हे महिना-दीड महिना खात नाहीत."

म्हणजे रोजेही नाहीत आणि एकादशीही नाही. दोघांनी एकदमच खाली बघितलं.

"आणि अजून एक," ती म्हणाली. "या कातीवरून कळतं. हा मुकादम नाही. बाई आहे."

मिस्त्रींना ऐकू आलं नाही असं आम्हाला वाटलं. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "मुकादम न्हाई, मुकादमीण हाय." दुसऱ्या दिवसापासून कपाटाजवळ जायच्या आधी ते खाकरायला लागले.

*

वर्षातून एकदा वनखात्याचे एक गार्डसाहेब लाकडाचे पास तपासायला यायचे. एका वर्षी नवीन आले, तरुण, फार नियमाचे. पास बघितले, शिक्के बघितले, मग कपाट बघितलं.

"हे काय आहे?"

"मुकादमीण," युनूसभाई पुटपुटले. मशीनचं लायसन हातचं जातं की काय, या काळजीत ते टोपी काढत होते, घालत होते.

"वन्यजीव आहे हा. असा ठेवता येत नाही."

आता मिस्त्री पुढं आले आणि सबंध सेनगावला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "ठेवली न्हाई साहेब. राहती." त्यांनी ती चार बोटांची फट दाखवली. मग काच पूर्ण उघडली. "तुमी म्हणता तर घेऊन जा. मी डबा देतो."

तेवढ्यात मुकादमीण दोन पाय बाहेर टाकून काचेच्या कडेवर आली. तिचे पुढचे पाय खालून पिवळे धमक होते. ती उभी राहिली की ते दिसायचे.

साहेब बाहेर गेले. रामसिंगभाऊंचा ट्रॅक्टर उभा होता, त्याच्या सीटवर चढून त्यांनी वही काढली. भाऊंनी आदरानं सरकून जागा दिली. मी खालून वाकून बघितलं. वन्यजीव या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, निरंक.

*

एकदा मात्र ती सकाळी परत आली नाही. एक दिवस, दोन दिवस. मिस्त्री मशीन लावेनात.

"भुशात असली तर?"

"मिस्त्री, मेरा धंदा बंद करोगे क्या?" युनूसभाई पहिल्यांदा त्यांच्यावर चिडले. बाहेर गिऱ्हाइकांची रांग. पण तासाभरानं हेच युनूसभाई घरून पिठाची चाळणी घेऊन आले. लाखो रुपयांचं लाकूड फिरवणारा माणूस भुशाच्या ढिगावर उकिडवा बसून भुसा चाळत होता. माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही.

तिसऱ्या दिवशी कुरुंद्याहून मला फोन आला. मी त्यांना नव्या घरासाठी सागवानी देव्हारा करून पाठवला होता. माणूस फार अदबीनं म्हणाला, "देव्हाऱ्याच्या कळसात आधीच कुणी बसलंय. तुमचं हाय का?"

मी आणि मिस्त्री हिंगोलीला बस बदलून कुरुंद्याला पोचलो, तर वास्तुशांती चालू. देव पाटावर मांडलेले, देव्हारा मोकळा. घरातल्या आजींनी कुणाला हात लावू दिला नव्हता. "आपल्या आधी येऊन बसलंय, त्याला उठवायचं कसं?" मग आम्हाला जेवल्याशिवाय सोडेनात. पुरणपोळी झाली, कटाची आमटी झाली, त्यानंतर मिस्त्रींनी सालीच्या तुकड्यावर तिला हळूच डब्यात घेतलं.

आजी बघत होत्या. "बाई का बुवा?"

"बाई," मिस्त्री म्हणाले.

"मग घरातून रिकामी कशी पाठवू?" आजींनी डब्याच्या झाकणाला हळद-कुंकू लावलं आणि वर खण-नारळ ठेवला. हळद त्यांच्याच शेतातली होती.

परतीच्या बसमध्ये मिस्त्री डबा मांडीवर घेऊन बसले. कुंकू लावलेला, खण ठेवलेला, दोन्ही हातांनी धरलेला. कंडक्टर जवळ आला. "बाबा, काय हाय डब्यात?"

"आमची बाई हाय," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी कधी नव्हे तो हळू होता.

कंडक्टरनं डब्याला हात जोडले. आम्हाला पुढची जागा करून दिली आणि हिंगोलीपर्यंत ड्रायव्हरला दोनदा म्हणाला, "जरा सांभाळून घे, मागं सुतक हाय."

*

मग मशीन बंद व्हायची वेळ आली. लोक तयार दारं घ्यायला लागले, प्लायवूड घ्यायला लागले. चिरायला लाकूड येईना. युनूसभाई थकले होते. मिस्त्रींचा मुलगा त्यांना पुण्याला बोलवत होता. सगळं रीतीनं चाललं होतं, कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं. फक्त मुकादमीण कुठं जाणार, हे कुणी सांगेना.

मी ठेवली असती. पण माझ्या शेडमध्ये आता प्लायवूडचं काम, दिवसभर पॉलिशचा फवारा, त्या वासात माणूस टिकत नाही. हे मी मिस्त्रींना सांगितलं. खरं होतं, तरी सांगताना मला लाज वाटली, अजून वाटते. युनूसभाईंच्या घरून आधीच निरोप आला होता की ती आली तर बाकीचे निघतील. रामसिंगभाऊंनी हात जोडले. "मला काय करायचं ते करा, पण तांड्यावर नका आणू. सोडून द्या कुठंबी." ते कुठंबी मिस्त्रींना एवढं लागलं की आठ दिवस ते भाऊंशी बोलले नाहीत.

उरलं पुणं. मिस्त्रींनी माझ्या फोनवरून मुलाला व्हिडिओ कॉल लावला. सून फोनवर आली. चांगली मुलगी. "बाबा, तुमची खोली तयार आहे. येताना काय काय आणताय?"

"कपडे हायेत. एक ओंडका हाय."

"ओंडका कशाला, बाबा?"

मिस्त्रींनी फोन कपाटाकडे वळवला. पलीकडून तिचा आवाज आला, अगदी मऊ. "बाबा, तुम्ही या. ती नको. घरात लेकरू आहे."

"बराबर हाय," मिस्त्री म्हणाले. "लेकरू हाय घरात." फोन मला दिला आणि ते सालीच्या ढिगाऱ्याकडे किडे शोधायला गेले. तो दिवस एकादशीचा होता, त्यांना आठवण राहिली नाही.

*

शबानाचं तोवर लग्न होऊन ती नांदेडला गेली होती. तिनंच फोनवर वाट काढली. "तिचं घर झाडात, चाचा. ती जिथून आली तिथलंच, तसलंच जुनं पोकळ झाड बघा. ती राहील."

मिस्त्रींनी आठ दिवसांचा अबोला मोडून रामसिंगभाऊंना विचारलं, "ती चिंच तोडली होती कुठून?"

भाऊंनी खाली बघत सांगितलं, "साखऱ्याला. दोन होत्या बांधावर, जोडीच्या. एक मी आणली. एक हाय."

आम्ही चौघं ट्रॅक्टरवर गेलो. ओंडका मध्ये, मिस्त्रींनी कवेत धरलेला. रामसिंगभाऊ स्टेअरिंगवर, मान इतकी ताठ की मागं वळून एकदाही बघितलं नाही. दुसऱ्या चिंचेलाही पुरुषभर उंचीवर ढोली होती. ओंडक्याचं तोंड त्या ढोलीला लावून मिस्त्रींनी दोरानं बांधलं. मग आम्ही बांधावर बसून राहिलो. ऊन उतरलं. पाखरं आली. ती बाहेर निघाली, थोडी थांबली आणि सरळ वर चढत गेली. ढोलीत शिरेपर्यंत आम्ही बघत होतो.

"झालं," मिस्त्री म्हणाले आणि उठून कपडे झटकले. मला रडू आलं. सुताराला एक सोय असते, डोळ्यात भुसा गेला म्हणता येतं. तिथं भुसाही नव्हता.

त्याच आठवड्यात ते पुण्याला गेले. मशीनच्या जागी आता टाइल्सचं दुकान आहे. चकचकीत, थंडगार. आत गेलं की बोलायला सुचत नाही.

*

आता हे शेवटचं. गेल्या हिवाळ्यात मला खाटकाच्या ठोकळ्यासाठी चिंचेचं लाकूड हवं होतं. त्याला चिंचच लागते, दुसरं लाकूड सुरीपुढं टिकत नाही. मी साखऱ्याला गेलो. आपल्या त्या झाडाला हात लावायचा नव्हताच, पण एवढ्या लांब आलोय तर बघून यावं म्हणून बांधावर गेलो. शेताचे मालक तिथंच होते, तुरीत. माझ्या हातातला टेप बघून त्यांनी आधीच सांगून टाकलं, "हे झाड मिळायचं न्हाई. गेलंय."

मी टेप खिशात घातला. "कुणाला?"

"रामसिंगभाऊला. तीन साल झालं इसार देऊन गेलेत. दोन गिऱ्हाइकं परत पाठवली मी."

आमच्याकडे रीत आहे. उभ्या झाडाचा इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, एकदा घेतला की झाड त्या माणसाचं. तो तोडून नेईस्तोवर मालकानं ते दुसऱ्याला दाखवायचंसुद्धा नाही. आणि झाड घेणारा माणूस इसार देऊन पंधरा दिवसांच्या वर थांबत नाही. रामसिंगभाऊ तर आठवडाही थांबायचे नाहीत, हे मी वीस वर्षं बघितलेलं.

"दर रविवारी येतात," मालक सांगत होते. "दिवस बुडताना. त्या दगडावर उभं राहून वर बघतात, पुण्याला कुणाला तरी फोन लावतात आणि ओरडतात, 'हाय!' एवढंच. फोन ठेवतात अन् जातात. काय भानगड हाय काय माईत."

तो रविवारच होता. थोड्या वेळानं ट्रॅक्टर आला. भाऊ उतरले, खांद्यावर कुऱ्हाड. मला बघून दचकले.

मालक कावलेलेच होते. "भाऊ, आज सोक्षमोक्ष करा. सावलीनं दरसाल माझं चार ओळी सोयाबीन वाया जातंय. कधी तोडून राहिले झाड?"

रामसिंगभाऊ झाडाजवळ गेले. कपाळावर घाम होता. एक हात लांब राहून त्यांनी कुऱ्हाडीच्या पाठीनं खोडावर दोनदा ठोकलं, आत कुणाची झोप मोडणार नाही इतकं हळू. कान लावल्यासारखं केलं. मग मान हलवली.

"न्हाई. कच्चं हाय अजून."

"कच्चं?" मालक म्हणाले. "माझ्या पणज्यानं लावलेलं हाय, भाऊ."

"व्हय," रामसिंगभाऊ म्हणाले. "पुढल्या साली बघू."